मेन बाजारातली शिकवणी

रविवार, रात्री.

नागरी सेवा परीक्षेच्या तयारीत अर्थशास्त्राची इंग्रजी परिभाषा हीच मला खरी चढण वाटते. बारावीपर्यंत सगळं मराठीतून शिकलो. इथे दिल्लीत पुस्तकं मात्र इंग्रजी.

आज बृहन्महाराष्ट्र भवनातून निघालो आणि वही घेऊन पहाडगंजच्या मेन बाजारात फिरलो. चलन बदलून देणाऱ्या दुकानात डॉलरचा खरेदीदर वेगळा, विक्रीदर वेगळा. त्या दोहोंमधला फरक म्हणजे ‘स्प्रेड’, दुकानदाराची कमाई. हॉटेलात उतरलेला परदेशी प्रवासी इथे जो खर्च करतो, तो देशाच्या ‘बॅलन्स ऑफ पेमेंट्स’मध्ये, म्हणजे परदेशांशी झालेल्या व्यवहारांच्या हिशेबात, सेवांची निर्यात म्हणून धरला जातो. बंदर न गाठताही निर्यात होते, हे या गल्लीनं पटवलं. अशा निर्यातीतून येणारं चलन किती मोलाचं, ते इतिहास सांगतो: १९९१मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवावं लागलं होतं.

डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ १९२३मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. तो वारसा असताना मराठी मुलांनी या परिभाषेला का भ्यावं? मित्रांनो, व्याख्या पाठ करण्याआधी बाजारात जा, व्यवहार बघा. समजलेला व्यवहार परीक्षेत दगा देत नाही.