संधी कोणाची?

'संधिसाधू' हे विशेषण मराठीत आपण प्रायः राजकारण्यांसाठी राखून ठेवलेले आहे. निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलणारा, वारा पाहून पाठ फिरवणारा, अशांना लावायचा हा शब्द वैद्यकाच्या मराठी अनुवादात जंतूंनाही चिकटला आणि 'संधिसाधू संसर्ग' असा जोडशब्द रूढ झाला. वरवर तो चपखल वाटतो. पण तो दोष कोणाच्या पदरी टाकतो हे तपासून पाहण्याजोगे आहे.

आमच्या घरात हा शब्द 2012 साली आला. धाकट्या भावाच्या मूत्रपिंडरोपणाला पाच महिने झाले होते. परके मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली आणलेली होती. कोरडा खोकला, बारीक ताप, जिना चढताना आणि पुढे नुसते बोलतानाही लागणारी धाप. क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसांवर धुके उतरल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांनी जंतूचे नाव सांगितले : न्यूमोसिस्टिस. आईने मला एवढेच विचारले, "अगं, पाणी उकळून दिलं, चपला दाराबाहेर ठेवल्या, मग हा आला तरी कुठून?"

मुळात हा जंतू कोण, हे ठरायलाच फार काळ गेला. 1909 मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांना तो प्राण्यांच्या फुप्फुसांत दिसला, पण आपण अभ्यासत असलेल्या परजीवीचीच ही एक अवस्था असावी असा त्यांचा समज झाला. 1912 मध्ये पॅरिसमध्ये देलानो दांपत्याने तो वेगळाच जीव असल्याचे दाखवले. त्यानंतर कित्येक दशके तो आदिजीव मानला गेला. 1988 मध्ये त्याच्या आरएनएची तपासणी झाली तेव्हा तो बुरशीच्या कुळातला निघाला. माणसात आढळणाऱ्या जातीला आज ओटो यीरोवेत्स या चेक संशोधकाचे नाव आहे, आणि त्या नावामागे मोठी करुण हकीकत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्य युरोपातील अनाथालयांत मुदतपूर्व जन्मलेली, कुपोषित बालके एका विचित्र न्यूमोनियाने दगावत होती. त्यांच्या फुप्फुसांत यीरोवेत्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा जीव सापडला. तिथे संधी निर्माण केली ती युद्धाने आणि उपासमारीने. जंतू फक्त हजर होता.

अमेरिकेत 1981 मध्ये हीच गोष्ट निराळ्या रूपात घडली. या न्यूमोनियावरचे पेंटामिडीन हे औषध तेव्हा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राकडूनच मागवावे लागे. त्याची मागणी अकारण वाढते आहे, हे सँड्रा फोर्ड या तिथल्या कर्मचारी स्त्रीच्या ध्यानात आले. (साथींच्या इतिहासात अशा टिपणवह्या सांभाळणाऱ्या माणसांची नावे सहसा राहत नाहीत, हे राहिले.) 5 जून 1981 रोजी लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या न्यूमोनियाचा वृत्तान्त छापून आला. एड्सची ती पहिली नोंद.

आता आईचा प्रश्न. बहुतेक मुलांच्या रक्तात तीन-चार वर्षांच्या वयापर्यंत या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळतात. त्यावरून पूर्वी असे मानत की ती बालपणीच शरीरात शिरते, आयुष्यभर निजून राहते आणि पहारा ढिला पडला की जागी होते. क्षयाच्या बाबतीत असे खरोखरच घडते. न्यूमोसिस्टिसचे चित्र मात्र पालटत गेले. निरोगी शरीर तिला काही काळाने हुसकून लावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. मूत्रपिंडरोपणाच्या काही विभागांत एकामागून एक आजारी पडलेल्या रुग्णांमध्ये जनुकीयदृष्ट्या एकाच वाणाची बुरशी सापडली. शिवाय प्रत्येक सस्तन प्राण्याची न्यूमोसिस्टिस वेगळी. उंदराची माणसाला लागत नाही. अ‍ॅस्परजिलससारख्या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू माती, कुजका पालापाचोळा, बांधकामाची धूळ यांतून येतात. हिची वस्ती मात्र माणसाच्या फुप्फुसांत, आणि प्रवास एका श्वासातून दुसऱ्या श्वासात. ज्याच्याकडून ती येते त्याला बहुधा साधा खोकलाही नसतो.

म्हणजे ती आमच्यापैकीच कोणाकडून तरी आली असण्याचा संभव होता. भेटायला आलेली मावशी, रोपणोत्तर तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेला एखादा रुग्ण, किंवा रोज संध्याकाळी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवणारी मी. हे ठरवता येण्याजोगे नव्हते. आईला मी "हवेतून" एवढेच सांगितले.

या रोगाला अटकाव करणारी गोळी जुनी आणि स्वस्त आहे. कोट्रायमॉक्साझोलने रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये हा न्यूमोनिया टाळता येतो, हे वॉल्टर ह्यूज यांनी 1977 मध्येच दाखवून दिले होते. भावाला ती सुरू होती; पांढऱ्या पेशी घटू लागल्या म्हणून थांबवावी लागली आणि त्याच फटीतून बुरशी आत आली. फट ठेवली होती ती जाणूनबुजून, त्याला जगवण्यासाठी. तिथे संधिसाधू कोणाला म्हणायचे, मला सांगता येत नाही. तीच गोळी मोठ्या मात्रेत तीन आठवडे देऊन तो बरा झाला. घरी आल्यावर ती पुन्हा लहान मात्रेत सुरू झाली, एक दिवसाआड, आणि कॅलेंडरवर तिच्या खुणा आईच करीत असे.