टाच आली!

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'टाच' हा शब्द पायाच्या आधी कागदावर भेटतो. कर्ज थकलं, नोटिसांना उत्तर आलं नाही, की मालमत्तेवर टाच येते. ही टाच नेहमी दुसऱ्याच्या घरावर, दुकानावर किंवा ट्रॅक्टरवर यायची आणि आपण फाइलीत तिची नोंद करायची, अशी आम्हा कारकुनांच्या आयुष्याची घडी बसलेली असते. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती माझ्याच उजव्या पायावर आली. कर्ज नाही, कुणाला जामीन नाही, साधी नोटीससुद्धा नाही.

सकाळी उठून पहिलं पाऊल फरशीवर टेकावं आणि टाचेत कुणीतरी दाभण खुपसावा! भिंत, कपाट, फ्रिज असे टप्पे घेत स्वयंपाकघरापर्यंत पोचलो की कळ जरा ओसरते. त्यामुळे घरात सहानुभूती मिळायची पंचाईत. "चहा करायच्या वेळी लंगडता आणि प्यायच्या वेळी बरे चालता!" असा सौ.चा शेरा आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी अचूक आहे. हा आजारच तसा.

डॉक्टरांनी त्याचं नाव 'प्लांटर फॅसायटिस' असं सांगितलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान सांभाळतो. रात्री पाऊल सैल पडलं की तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. एक्स-रेत टाचेच्या हाडाला एक काटाही दिसला. मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, "त्याच्याकडे नका लक्ष देऊ. काटा असून न दुखणारे पुष्कळ असतात आणि नसून दुखणारेही." आमच्याकडच्या ऑडिटच्या शेऱ्यांचंही असंच असतं, त्यामुळे मला ते चटकन पटलं.

मग पथ्यं आली. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, गार बाटलीवर तळवा फिरवायचा, अनवाणी चालायचं नाही, आणि धीर धरायचा. बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं, कुणाकुणाला वर्षही लागतं. "चालणं कमी करा. धावणं बंद." धावणं मी दहावीनंतरच बंद केलेलं होतं.

"आणि सायकल?" मी विचारलं. माझा आवाज जरा बारीक झाला असावा.

कारण सायकल गेली तर माझं काही खरं नव्हतं. एकेकाळी पुणं हे सायकलींचं शहर होतं, ही गोष्ट आता पोरांना परीकथेसारखी सांगावी लागते. पण कोथरूडहून म्हात्रे पुलावरून लक्ष्मी रस्त्यापर्यंत मी अजून सायकलनेच जातो. घरी मी 'अहो' असतो, बँकेत 'काउंटर नंबर तीन' असतो. मधली पंचवीस मिनिटं मी कुणाचाच नसतो. त्या पंचवीस मिनिटांत माझ्याकडे कुणी पासबुक सरकवत नाही, की येताना कोथिंबीर आणायला सांगत नाही. एवढ्या आयुष्यात एवढीच काय ती बिनव्याजी ठेव!

"सायकलीला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, "शरीराचा बराचसा भार सीटवर असतो. फक्त बूट नीट बघून घ्या."

त्या 'फक्त'मध्ये माझे चार महिने गेले.

आपल्याकडे आजारी माणसाचा चेहरा बघूनच सल्ला देण्याची पद्धत आहे. समोरच्या अप्पांनी रुईची पानं आणि तापलेली वीट सांगितली. बँकेतल्या शिपायाने मिठाचं गरम पाणी सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी 'पॉझिटिव्ह थिंकिंग' सांगितलं. ते त्यांना स्वतःला गुडघेदुखीवर लागू पडलेलं नाही, पण दुसऱ्याच्या टाचेवर पडेल, अशी त्यांची श्रद्धा आहे.

बुटांविषयी मात्र सगळ्यांचं एकमत होतं. मऊ घ्या! म्हणून मी मऊ घेतले. इतके मऊ की घडी करून खिशात घालावेत. दुकानात चार पावलं चाललो आणि ढगात असल्यासारखं वाटलं. पण सायकलीचं पेडल म्हणजे काही ढग नव्हे. ते तळहाताएवढं असतं, आणि प्रत्येक फेरीला सगळा जोर तेवढ्यावर येतो. तळ मऊ असला की बूट पेडलवर मधोमध वाकतो, त्याच्याबरोबर पाऊल वाकतं आणि तो आतला पट्टा पुन्हा ताणला जातो. म्हणजे चालायला जे सुख, तेच पेडल मारायला दुःख.

मग चिरंजीवांनी मला सायकलींच्या एका झकपक दुकानात नेलं. तिथे खास सायकलचेच बूट होते. तळ लाकडासारखा कडक. म्हटलं, चला, जमलं!

"सर, हे क्लिपलेस सिस्टिमचे," विक्रेता मुलगा म्हणाला.

"मग खाली ही क्लिप कसली?"

"ती क्लीट, सर. पेडलमध्ये लॉक होते."

"लॉक होते, तर मग क्लिपलेस कसं?"

याला इतिहास आहे. पूर्वी शर्यतीवाले पेडलवरच्या पिंजऱ्यात पाय घालून तो पट्ट्याने आवळत. त्या पिंजऱ्याचं नाव टो-क्लिप. १९८४ साली एका फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीचा बूट जसा खटकन बसतो, तसं पेडल काढलं आणि पिंजरा गेला. म्हणून ते क्लिपलेस. पुढच्याच वर्षी, १९८५ साली, बर्नार्ड इनो असलं पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकला. इनोचं ठीक आहे. त्याच्यापुढे अचानक रिक्षा थांबत नव्हती.

"आणि पाय सोडवायचा कसा?"

"सोप्पं आहे, सर. टाच बाहेरच्या बाजूला झटक्यात वळवायची."

माझी टाच! झटक्यात! शिवाय त्या बुटाचं तोंड इतकं चिंचोळं की माझ्या पाच बोटांपैकी चारच आत जावीत आणि पाचव्याने बाहेर रांगेत उभं राहावं. किंमत ऐकून मात्र टाचेची कळ क्षणभर थांबली.

तेव्हा मी बुटाच्या नंबराचा हिशेब बघितला. आपण सर्रास वापरतो तो इंग्रजी नंबर एकाने वाढला की लांबी एक तृतीयांश इंच वाढते, म्हणजे जवाचा एक दाणा. युरोपी नंबराची पायरी दोन तृतीयांश सेंटिमीटरची. पण दोन्ही खात्यांत रुंदीचा रकानाच नाही! भारतीय पावलं साधारणपणे रुंद असतात, म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने देशभर पावलं मोजून 'भा' नावाची भारतीय मापपद्धत सुचवल्याच्या बातम्या २०२४ साली आल्या होत्या. वाचून बरं वाटलं. माझ्या पावलाची निदान राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली होती.

स्थानिक पातळीवर ती नव्या पेठेत घेतली गेली. तिथे फुटपाथवर मोठ्या छत्रीखाली चपला-बूट दुरुस्त करणारे एक मामा बसतात. शिलाई उसवलेला बूट मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बूट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मोजा काढा."

चार महिन्यांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. सल्ला देणाऱ्यांनी माझा चेहरा पाहिला होता, डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला होता, दुकानातल्या मुलाने माझं पाकीट पाहिलं होतं. पाय असा कुणी पाहिलाच नव्हता. मामांनी वर्तमानपत्राचा कागद अंथरला, मला त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीने पावलाची रेघ मारली. बुटातला सुकतळा काढून त्या चित्रावर ठेवला. दोन्ही बाजूंनी माझं पाऊल कागदावर उरलं.

"पाय हा एवढा, आन् बूट हा एवढा," मामा म्हणाले. "दुखणार नाही तर काय व्हईल? आन् माप संध्याकाळी घ्यायचं साहेब. दिवसभरात पाय फुगतो."

पुढचं सोपं होतं. पुढे अंगठ्याएवढी जागा, तोंड रुंद, टाचेमागची बाजू टणक आणि दोन्ही हातांनी पिळला तरी मधोमध न वाकणारा, असा नाडीचा बूट संध्याकाळी जाऊन घेतला. मामांनी त्यात कमानीखाली आधार आणि टाचेखाली नरम थर बसवून दिला. सायकलवाल्याने रुंद, सपाट पेडलं लावली. (डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. ते सगळ्या जगाच्या विरुद्ध दिशेने उघडतं. असा एक सहकारी प्रत्येक ऑफिसात असतो.) सीट जरा खाली घेतली, म्हणजे पाय खाली जाताना चवडा ताणावा लागत नाही.

दिसायला तो बूट म्हणजे दोन लहान होड्या आहेत. चिरंजीव माझ्यापासून दहा पावलं अंतर ठेवून चालतात. सकाळची कळ अजून आहे, पण फ्रिजपर्यंत जायच्या ऐवजी कपाटापाशीच ओसरते. आणि पंचवीस मिनिटांची ठेव शाबूत आहे.

परवा समोरचे अप्पा आले. त्यांचा घोटा सुजला होता. रुईची पानं, वीट, सगळं करून झालं होतं. सौ. सुंठीचा लेप सांगण्याच्या बेतात होती. मी म्हटलं, "अप्पा, बसा. मोजा काढा बघू."

अप्पा क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. मग खुर्चीत टेकले आणि मोजा काढता काढता हळूच म्हणाले, "तीन आठवडे झाले रे. बघतो कोण?"