सहस्रद्वीपांतील एक जुनी मोटारबोट

नायगारा पाहून झाल्यावर आपल्याकडील प्रवासी बहुधा न्यूयॉर्कची वाट धरतात. ज्यांच्या पदरीं दोन दिवस अधिक असतील त्यांनीं मात्र ईशान्येकडे वळावें. ऑन्टॅरिओ सरोवराचें पाणी जेथें बाहेर पडून सेंट लॉरेन्स नदीचें रूप घेतें, तेथून पुढें पन्नासएक मैल ती नदी बेटांनीं भरून गेली आहे. एका तीरावर अमेरिकेचें न्यूयॉर्क संस्थान, दुसऱ्या तीरावर कॅनडा, आणि मध्यें हीं बेटें. त्यांस ‘थाउजंड आयलंड्स’ म्हणजे सहस्रद्वीपें म्हणतात. परंतु त्यांची मोजदाद १८०० च्या वर जाते. बेट कोणास म्हणावें याचाहि तेथें नियम आहे. तें वर्षभर पाण्याबाहेर राहिलें पाहिजे आणि त्यावर झाड जगलें पाहिजे. त्यामुळें कांहीं बेटांवर मोठाले वाडे व बागा, तर कांहींवर एक झोंपडी, एक पाइन वृक्ष व एक खुर्ची एवढाच संसार दृष्टीस पडतो.

ज्यांचीं घरें बेटांवर त्यांची गाडी म्हणजे नाव. भाजीपाला, टपाल, डॉक्टर, पाहुणे, सारें नावेनेंच यावयाचें. दोन्ही देशांस जोडणारा पूल १९३८ च्या ऑगस्ट महिन्यांत खुला झाला. त्या प्रसंगीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट व कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग हे दोघेहि उपस्थित होते. पण पुलाचा उपयोग मोजक्या बेटांना; बाकीच्यांना आजहि नावेवांचून गत्यंतर नाहीं. म्हणून आपल्याकडे घराला जशी ओसरी, तसें तिकडे घराला नौकागृह असतें. खालीं पाणी, त्यांत नाव बांधावयाची जागा, आणि वर माडी.

आमचे एक आप्त येथून नव्वदएक मैलांवर सिरॅक्यूज शहरीं राहतात. त्यांच्यामुळें आम्हां उभयतांचें या भागांत दोनदां येणें झालें. एकदां दोन वर्षांपूर्वीं शरदांत, व पुन्हां यंदाच्या उन्हाळ्यांत. पहिल्या खेपेस इतर प्रवाशांप्रमाणें आम्हीहि प्रथम हार्ट बेटावरील बोल्टचा किल्ला पाहिला. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलाचे चालक जॉर्ज बोल्ट यांनीं आपल्या पत्नीसाठीं १९०० सालीं हा सहा मजली वाडा बांधावयास घेतला. १९०४ च्या जानेवारींत पत्नी वारली. बोल्ट यांनीं तार करून काम थांबविलें आणि ते त्या बेटावर पुन्हां आले नाहींत. पुढें ७३ वर्षें वारा, पाऊस व वाटसरू यांनीं तो वाडा भोगला. १९७७ सालीं पुलाचा कारभार पाहणाऱ्या मंडळानें तो ताब्यांत घेऊन दुरुस्ती आरंभिली. आज खालचे दिवाणखाने झळकत आहेत. वरचा बराच भाग आम्हीं पाहिला तेव्हां अपुराच होता. दगडाला अशी सत्तर वर्षें वाट पाहतां येते. लांकडाला तितका धीर नसतो, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं क्लेटन येथें कळलें.

क्लेटन हें नदीकांठचें लहानसें गांव. जुन्या नावांचें मोठें संग्रहालय येथें आहे आणि दर उन्हाळ्यांत जुन्या नावांचा मेळाहि भरतो. संग्रहालयांत शिरतांच डोळे दिपतात. महोगनीच्या तांबूस फळ्या, त्यांवर मधासारखें दाट व्हार्निश, त्यांत दिसणारें आपलेंच प्रतिबिंब. १९२० नंतरच्या दशकांत मिशिगनमधील अल्गोनॅक गांवीं ख्रिस स्मिथ व त्यांचे पुत्र यांनीं अशा नावा ठराविक मापांत, मोठ्या संख्येनें बांधण्यास आरंभ केला, आणि ‘ख्रिस-क्राफ्ट’ हें नांव घरोघर झालें. त्याच गांवीं राहिलेल्या गार वुड यांनीं १९३२ च्या सप्टेंबरांत आपली ‘मिस अमेरिका’ मालिकेतील दहावी नाव ताशीं १२४ मैलांहून अधिक वेगानें हांकली. सहस्रद्वीपांतहि अलेक्झांड्रिया बे येथें हचिन्सन यांच्या कारखान्यांत अशा नावा बांधल्या जात. १९५० नंतर हळूहळू फायबरग्लासच्या नावा आल्या. त्यांना ना दरसालचें व्हार्निश, ना फटींची काळजी. महोगनीच्या नावा मागें पडल्या आणि पुष्कळशा छपरांखालीं विसरल्या गेल्या.

अशीच एक विसरलेली नाव पाहण्याचा योग आमच्या आप्तांमुळें आला. त्यांच्या ओळखीच्या एक वृद्ध बाई गांवाबाहेर नदीकांठीं राहतात. त्यांच्या सासऱ्यांनीं दुसऱ्या महायुद्धापूर्वीं घेतलेली बावीस फुटी मोटारबोट पतीच्या आजारपणापासून म्हणजे पंचवीसएक वर्षें ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. बाईंचें वय अठ्ठ्याहत्तर. एका धनिकानें ती नाव आपल्या हॉटेलाच्या दिवाणखान्यांत मांडण्यासाठीं मागितली होती. वरून घासूनपुसून व्हार्निश केलें कीं त्याचें काम भागणार होतें. बाईंनीं त्यास उत्तर देण्यापूर्वीं एका कारागिरास बोलाविलें होतें, आणि नेमक्या त्याच दिवशीं आम्ही तेथें पोंचलों.

वरून पाहतां नाव फारशी बिघडलेली वाटली नाहीं. जुनें व्हार्निश पिवळें पडून त्याचे पोपडे निघत होते, खालचें लांकूड उन्हानें करडें झालें होतें, इतकेंच. कारागिरानें मात्र वर पाहिलेंच नाहीं. हातांत टोंचा व दिवा घेऊन तो पाठीवर निजला व नावेखालीं सरकला. कण्याजवळच्या ओकच्या फासळ्यांवर टोंचा टेंकवितांच तो केकांत सुरी जावी तसा आंत गेला. छपराला एक भोंक होतें. त्यांतून पावसाचें पाणी ठिबकून वर्षानुवर्षें नावेच्या तळाशीं सांचत राहिलें होतें. कारागिरानें सांगितलें तें आम्हांस नवीन होतें. लांकडाचा खरा शत्रू पाणी नसून मुरलेली ओल होय. ओल मुरली व वारा लागेना म्हणजे बुरशी लांकूड खावयास लागते. खारें पाणी बुरशीला फारसें मानवत नाहीं, पावसाचें गोडें पाणी मात्र चांगलें मानवतें. यासाठीं जुन्या नावेवर पाऊस पडूं देणें हें तिला नदींत ठेवण्याहून वाईट.

मग त्यानें एक स्क्रू काढून दाखविला. जुन्या नावांत पितळी स्क्रू वापरीत. पितळ म्हणजे तांबें व जस्त. पाण्याच्या संगतींत त्यांतील जस्त हळूहळू निघून जातें आणि मागें गुलाबी, ठिसूळ तांब्याचा सांगाडा उरतो. बोटांनीं वांकवितांच त्या स्क्रूचे दोन तुकडे झाले. अशा शेंकडों स्क्रूंच्या भरंवशावर ती झळकणारी नाव उभी होती.

आमच्या सौभाग्यवतींनीं तेव्हां मला हळूच म्हटलें, “पातेलें बाहेरून चिंचेनें लख्ख घासलें आणि आंतली कल्हई उडालेली असली, तर त्यांत ताक ठेवतां येईल का?” मीं तें बाईंना इंग्रजींत समजावून दिलें. त्या मोठ्यानें हंसल्या, आणि कारागिराकडे वळून म्हणाल्या, “ऐकलेंत ना? मग बुडापासूनच आरंभ करा.” हॉटेलवाल्यास त्याच सायंकाळीं नकाराचें पत्र गेलें. “नाव पाण्यावर जावयाची नसेल, तर तें एक मोठें कपाट झालें,” असें त्या म्हणाल्या. त्यांना नातवंडांसह एकदां तरी तींतून आपल्या बेटावर जावयाचें होतें; आणि या वयांत किती उन्हाळे हातीं आहेत याचा हिशेब त्यांनीं आमच्यासमोर मांडला नाहीं, तरी तो सर्वांस समजला.

पुढील दोन हिंवाळे काम चाललें. त्याचा वृत्तांत आम्हांस पत्रांतून व यंदाच्या भेटींत कळला. नाव पालथी केली. बुडाच्या फळ्या एकेक करून उतरविल्या. या नावांचें बूड दुहेरी असतें: आंतील फळ्या तिरप्या, बाहेरील लांबीच्या दिशेनें, आणि दोहोंमध्यें चिकट मसाल्यांत भिजविलेलें जाड कापड. कुजलेल्या फासळ्या काढून त्यांच्याच मापाच्या नव्या ओकच्या घातल्या; त्या पूर्वीं नावेला आंतून लांकडी आधार देऊन तिचा घाट जागच्या जागीं धरून ठेवला, कारण जुनें बूड निघालें म्हणजे नावेचा आकार पसरतो व एकदां पसरला कीं परत येत नाहीं. पितळेऐवजीं जस्तविरहित कांशाचे स्क्रू बसविले. प्रत्येक स्क्रूचें डोकें लांकडांत खोल बुडवून वर लांकडाचीच गुडदी ठोकली, आणि तींतील रेषा फळीच्या रेषेशीं जुळविली.

येथें एक वाद उपस्थित झाला. हल्लीं पुष्कळ कारागीर दोन थरांमध्यें कापडाऐवजीं रबरासारखा घट्ट चिकटणारा नवा लेप भरतात. तसें केलेलें बूड वसंतांत पाण्यांत सोडतांच कोरडें राहतें, फुगवीत बसावें लागत नाहीं. त्याचा गुण मोठा आहे, व तो निवडणाऱ्यास कोणी दोष देऊं नये. परंतु तो लेप एकदां धरला म्हणजे फळी मोडेल पण सुटणार नाहीं. बाईंनीं जुनी पद्धत निवडली. “पन्नास वर्षांनीं कोणीतरी हें बूड पुन्हां उघडील. त्याला तें उघडतां आलें पाहिजे,” एवढेंच कारण त्यांनीं दिलें.

बूड झाल्यावर नाव सुलटी केली व मग झळाळीची पाळी आली. पातें व कांचकागद यांनीं जुनें व्हार्निश उतरविलें. महोगनीच्या बारीक छिद्रांत रंगीत लांबी चोळून भरली आणि ती वाळत येतांच गोणपाटानें रेषांना आडवी पुसून काढली. त्यावर व्हार्निशाचे बारा हात. दर दोन हातांमध्यें बारीक कांचकागद, धूळ पुसणें, आणि चांगल्या हवेची वाट पाहणें. ढगाळ दिवशीं पापड घालावयास बसूं नये हें जसें आपल्या घरीं ठाऊक, तसें दमट दिवशीं कुंचला हातीं घेऊं नये हें त्यांना ठाऊक. एवढें करूनहि ऊन व्हार्निशाला खातच असतें. दरसाल एकदोन हात द्यावेच लागतात.

यंदा आम्ही गेलों तेव्हां नाव पट्ट्यांत अडकवून नौकागृहांत पाण्यावर उतरविलेली होती. बारा हातांचें व्हार्निश आरशासारखें होतें. बूड मात्र गळत होतें. आम्ही दचकलों, पण कारागीर निश्चिंत होता. इतकीं वर्षें कोरडी असलेली व आतां नव्यानें बसविलेली फळी पाणी पिऊन फुगेल, मग फटी मिटतील, तोंवर धीर धरावयाचा. विजेचा पंप पहिल्या रात्रीं सारखा घरघरत होता. दुसऱ्या दिवशीं दर घटकेस, मग तासाभरानें. बाई खुर्ची टाकून शेजारीं बसल्या होत्या व पंपाचा आवाज ऐकत होत्या. तिसऱ्या सकाळीं बराच वेळ पंप वाजलाच नाहीं. त्यांनीं वांकून तळावरची फळी उचलली, हात घालून पाहिला, आणि कांहीं न बोलतां नातवाला किल्ली आणावयास सांगितलें.

इतक्या नव्या फळ्या घातल्यावर ती नाव सासऱ्यांचीच राहिली काय? हा प्रश्न आम्हीं केला नाहीं; बाईंनींच तो पूर्वीं सोडविला होता. त्यांनीं एक वही केली आहे. तींत कोणती फळी जुनी, कोणती नवी, लांकूड कोणतें, बसविली केव्हां, हें सारें लिहिलें आहे. बांधणाऱ्यांनीं पेन्सिलीनें आंकडे घातलेली एक जुनी फळी नौकागृहाच्या भिंतीवर टांगली आहे. अमेरिकेंतील जुन्या नावांच्या मंडळांतहि जतन केलेल्या व नव्यानें उभारलेल्या नावांची परीक्षा निरनिराळी करतात. दोन्ही प्रकारांस मान आहे. नव्याला जुनें म्हणून खपविण्यास मात्र नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं १८१७ सालीं सागाच्या लांकडांत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. १९९० ते २००१ अशीं अकरा वर्षें तिची दुरुस्ती चालली होती. आपल्या कारागिरांच्या हातचें काम दोनशें वर्षांनंतर पाहावयास मिळतें, यांत सागाच्या टिकाऊपणाचा वांटा आहे, तसा वेळेवर उघडून पाहणाऱ्यांचाहि आहे.

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं नाव नसली तरी आजोबांचा झोंपाळा, आजीचा पाळणा किंवा सागवानी देव्हारा असतोच. सणावारीं त्यावर पॉलिशाचा हात फिरविण्यापूर्वीं एकदां तो उलटा करून पाहावा. सांधे, खिळे व भिंतीकडील बाजू यांची चौकशी आधीं करावी. जें बदलावें लागेल तें कोठें व केव्हां बदललें हें मागें चार ओळींत लिहून ठेवावें. पुढें जो कोणी तें उघडील त्याचें काम त्यानें सोपें होईल.