‘ये’ म्हणताच येणारे पिल्लू

कारवानच्या पिल्लाला शिकवायची पहिली आज्ञा म्हणजे ‘ये’. ‘बस’ मागाहून शिकवली तरी चालते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत वाड्यावस्त्यांवर राखणीला दिसणारा हा लांब पायांचा, पोट आत ओढलेला कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार करतो. सीमेपलीकडच्या मुधोळ संस्थानात मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, म्हणून तिला मुधोळ हाउंडही म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. लांबवर काही हलले की या कुत्र्याची मान ताठ होते, कान मागे जातात आणि बघता बघता तो दोन बांध ओलांडून जातो. त्या धावेतून मागे फिरवणारा एकच शब्द मालकाजवळ असतो आणि तो पिल्लूपणीच रुजवावा लागतो.

जातिवंत कुत्र्याला शिकवावे लागत नाही, ही समजूत या भागात पक्की आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवल्याची कथा सांगतात. खंड्याचे इमान कोणी नाकारू नये, पण इमान वेगळे आणि हाकेला येणे वेगळे. घरासाठी जीव टाकणारा कुत्राही सशामागे सुटला की हाक ऐकत नाही. ती सवय लावावीच लागते.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच असावे. घरी आल्याच्या दिवसापासून शिकवणे सुरू करता येते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लाच्या कोवळ्या वयातील एका नाजूक कालखंडाचे वर्णन आहे. साधारण तीन ते बारा-चौदा आठवड्यांच्या या काळात जे ओळखीचे होते, त्याची भीती पुढे राहत नाही. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाजारात खाली सोडू नये, पण कडेवर घेऊन एसटी स्टँड, ट्रॅक्टर, वरातीचा बँड हे सगळे दाखवावे. बुजरे पिल्लू हाक ऐकूनही जागेवरच थिजते.

हाकेसाठी आपल्याकडे ‘यू, यू’ आहेच. तेच वापरावे किंवा ‘ये’ ठरवावे, पण घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द धरावा. आजोबा ‘यू यू’, नातू ‘कम’ आणि सूनबाई नुसते नाव, असे झाले की पिल्लाच्या लेखी तो सगळा गलका होतो. सुरुवात चार पावलांवरून करावी. खाली बसावे, शब्द एकदाच उच्चारावा आणि पिल्लू पोचताच, त्याच क्षणी, तोंडात घास द्यावा. उशिरा दिलेला घास कशाबद्दल मिळाला, हे त्याला उमगत नाही. घास म्हणजे उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा किंवा दुधात भिजवलेली भाकरी. तासगावच्या परिसरात घरोघरी बेदाणा हाताशी असतो. तो मात्र कधीही देऊ नये. द्राक्षे आणि बेदाण्यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

या आज्ञेचा एक नियम मोडू नये: हाकेला आलेल्या पिल्लाला कधीही रागवायचे नाही. चप्पल फाडली म्हणून बोलावून घेऊन फटका दिला, तर पिल्लू त्या फटक्याचा संबंध चपलेशी न जोडता येण्याशी जोडते. बांधून घालायचे असेल, औषध पाजायचे असेल, तेव्हाही हाक न मारता स्वतः उठून त्याच्यापाशी जावे.

‘बस’ शिकवताना घास चिमटीत धरून नाकासमोरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाते, तसा मागचा भाग आपोआप टेकतो. टेकताक्षणी शब्द आणि घास. कारवानच्या अंगावर मांस कमी, कुल्ल्याची हाडे टोकदार, त्यामुळे शहाबादी फरशीवर बसणे त्याला नकोसे होते. खाली गोणपाट टाकले तर तेच पिल्लू चटकन बसते. त्याला हट्टी ठरवण्याआधी पायाखाली काय आहे, ते पाहावे. ‘थांब’ त्याच्यापुढची पायरी: एक पाऊल मागे जावे आणि पिल्लू उठण्याआधीच परत येऊन घास द्यावा. ‘सोड’ अदलाबदलीने शिकवावे. तोंडातली वस्तू ओढून घेतली की पिल्लू पुढच्या वेळी ती घेऊन पळते, किंवा गुरगुरायला शिकते.

शिकवणे दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुरे. उन्हाळ्यात सकाळी लवकर, डांबर तापण्याआधी.

अंगणात हमखास येणारे पिल्लू माळावर येईलच असे नाही. मधल्या काळात सुती कासरा उपयोगी पडतो. तो गळपट्ट्याला न बांधता छातीपट्ट्याला बांधावा, कारण भरधाव वेगात बसलेला हिसका मानेला इजा करतो. या जातीचे डोके मानेच्या मानाने निमुळते असते, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून निसटतोही. कासरा जमिनीवर घसटत ठेवावा. पिल्लू दुसरीकडे पाहत असताना हाक द्यावी आणि आले तर घास देऊन पुन्हा मोकळे सोडावे. हाक म्हणजे खेळ संपला, असे त्याला वाटता कामा नये.

गावात पोरे पिल्लाला सगळ्यात आधी ‘छू’ शिकवतात. ते थांबवायला हवे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि ‘छू’वर वाढलेला कुत्रा उद्या शेजाऱ्याच्या शेळीमागेही सुटतो. पाठलागाची हौस पुरवायची असेल, तर दोरीला बांधलेले फडके ओढत पळावे आणि मधेच ‘ये’ म्हणावे. फडके सोडून पिल्लू वळले तर घास, आणि लगेच पुन्हा फडके. माळावर, समोर मेंढरे चरत असताना, कासऱ्याने न ओढताही हाकेसरशी ते दर वेळी वळू लागले की कासरा काढता येतो. बहुतेक पिल्लांच्या बाबतीत ही वेळ वर्षाच्या आत येत नाही.