पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. माझा पगार मात्र पैशाच्याच सोंगावर निघतो. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी घरून, म्हणजे आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्यातून, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. अॅप तुरीच्या हिशोबाचं आहे. अडतीवर माल घातला की किती पोती उतरली, वजन किती भरलं, दर काय लागला, हमाली-तोलाई जाऊन हातात किती येणार, ही पट्टी शेतकऱ्याच्या फोनवर दिसते. मग पैसे खात्यात जमा झाल्याचं कळतं. खरा हिशोब असतो सर्व्हरवर; मी तपासते ती फोनवरची स्क्रीन. आता स्क्रीन तपासायला दर वेळी खरा सर्व्हर, खरी तूर आणि खरे पैसे कुठून आणायचे? म्हणून सर्व्हरचं सोंग आणायचं. स्क्रीन विचारते, या पट्टीचं काय झालं? सर्व्हरच्या जागी बसवलेला माझा चार ओळींचा कोड उत्तर देतो. त्याला आम्ही मॉक म्हणतो.

हिप्परगा महाराष्ट्राच्या हद्दीजवळचं गाव. घरात मराठी, पारावर कन्नड, बाजारात दोन्हींची मिसळ आणि वर थोडी दखनी. हा सगळा पट्टा तुरीचा. इथल्या तूरडाळीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही गुलबर्गा या नावानं. (जिल्हा २०१४मध्ये कलबुर्गी झाला, डाळ अजून गुलबर्ग्याचीच आहे.) कंपनीत काही जणांना वाटतं, मला गावातून काम करू देणं ही त्यांनी दिलेली सवलत आहे. माझ्या मते माझ्या कामाची निम्मी अक्कल याच गावातून येते.

सोंगाची तांत्रिक बाजू आता फार सोपी झाली आहे. पूर्वी सर्व्हरला हाक मारणारं ब्राउझरचं ‘फेच’ हे फंक्शनच काढून तिथे आपलं बसवत. म्हणजे जे तपासायचं त्याच्याच पोटात हात घालायचा. हल्ली मॉक सर्व्हिस वर्कर नावाचं ओपन सोर्स साधन वापरतात. सर्व्हिस वर्कर ही ब्राउझरमध्ये, पान आणि नेटवर्क यांच्या मधोमध बसणारी स्क्रिप्ट. रेंज नसतानाही पान चालावं म्हणून मुळात आणलेली. अॅप नेहमीसारखी विनंती पाठवतं, ती वाटेत अडवली जाते आणि उत्तर तिथूनच परत फिरतं. अॅपला पत्ता लागत नाही. प्लेराइट, सायप्रेस या टेस्टिंगच्या साधनांतही अशी सोय आहे. हत्यारावरून भांडण्यात मला रस नाही.

कल्पना तशी जुनी. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २०००मध्ये मॉक ऑब्जेक्टवर निबंध वाचला. जेरार्ड मेसारोस यांनी २००७च्या पुस्तकात डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक अशी पाच प्रकारांत नीट वाटणी करून दिली. आमच्या टीममध्ये पाचांनाही मॉकच म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. नवा डेव्हलपर पहिला मॉक लिहितो तो असा: नाव ‘टेस्ट युजर’, पोती १०, दर १००, रक्कम १०००, निकाल ‘यशस्वी’. स्क्रीन सुरेख दिसते, टेस्ट हिरवी होते. लहानपणी गावात बहुरूपी फौजदार होऊन यायचा. खाकी कपड्यांना कोणी भुलत नसे. पण खिशातून वही काढून, जिभेला बोट लावून पान उलटत ‘सायकलला दिवा का नाही?’ असं विचारायचा, तेव्हा मोठी माणसंही क्षणभर चपापत. ‘टेस्ट युजर’ला खाकी असते, वही नसते. सोंग जमतं ते मूळ माणसाच्या खोडी उचलल्यावर, आणि सर्व्हरला खोडी भरपूर असतात.

नावाचंच घ्या. पुण्यात बसून लिहिलेल्या मॉकमध्ये प्रत्येक शेतकऱ्याला नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिपेडी नाव होतं. आमच्या भागात कित्येकांना आडनाव लागत नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, संपलं. मी मॉकमध्ये शरणबसप्पा हे नाव घातलं आणि आडनावाच्या जागी ‘नल’, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत ‘इथे काही नाही’. स्क्रीनवर आलं ‘शरणबसप्पा नल’. मग आडनावाची जागा रिकामी ठेवून पाहिली, तर नावामागे एक स्पेस लटकत राहिली आणि शोधात नाव सापडेना. आडनावाचा रकानाच उत्तरातून काढून टाकला, तर अख्खं पान पांढरं. नल, रिकामं आणि मुळात नसणं या तीन गोष्टी माणसाला सारख्याच वाटतात. कोडला त्या तीन वेगळ्या दिसतात आणि खरा सर्व्हर तिन्ही पाठवतो, कधी कुठली पाठवेल ते सांगत नाही.

आकड्यांचंही तेच. २०२४-२५च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. सर्व्हरनं ही रक्कम आकडा म्हणून पाठवली तर ठीक. पण कोणी तिकडे स्वल्पविराम घालून मजकूर म्हणून पाठवली आणि इकडे तिचा आकडा करायला जावास्क्रिप्टचं ‘पार्सफ्लोट’ वापरलेलं असलं, तर ते स्वल्पविरामापाशी थांबतं. क्विंटलला दर: सात रुपये. कुठेही एरर नाही, लाल अक्षरं नाहीत. सात रुपयांवर हमाली-तोलाई वजा होऊन रक्कम उणे जाते आणि पट्टी मोठ्या दिमाखात सांगते, तुम्हीच अडतीचं देणं लागता. त्यात मराठी निवडलं की ब्राउझर आकडे आपसूक देवनागरीत छापतो आणि कन्नड निवडलं की १-२-३ इंग्रजीत. म्हणजे एकच मॉक दोन भाषांत चालवला की ‘७,५५०’ शोधणारी टेस्ट एकीकडे हिरवी, दुसरीकडे लाल.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो उत्तर न येण्याचं सोंग आणण्यात. इथे शेतात फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा, आणि या धरसोडीत विनंती जाते, उत्तर येत नाही. ‘फेच’ला आपण मुदत घालून दिली नाही, तर ते वाट पाहत बसतं आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. आणखी एक गोम अशी, की सर्व्हरनं ४०४ किंवा ५०० असं साफ नकारार्थी उत्तर दिलं तरी ‘फेच’च्या लेखी ते उत्तरच, ते तक्रार करत नाही, स्टेटस कोड आपण बघायचा असतो. तक्रार होते ती उत्तर पोचलंच नाही तर. गावाबाहेर बसणाऱ्यांची या दोन्हींत नेहमी गल्लत होते, कारण त्यांच्या वायफायवर उत्तर पोचतंच.

उत्तर हरवण्याचे दोन प्रकार आहेत. विनंती सर्व्हरपर्यंत गेलीच नाही, हा सोपा. विनंती पोचली, तिकडे काम झालं आणि परतीच्या वाटेवर उत्तर गळालं, हा अवघड, आणि पैशाच्या बाबतीत हाच घात करतो. माझे काका म्हणाले होते, ‘अगं, गेलं का नाही ते कळंना, मग मी अजून एकदा दाबलो.’ अशा वेळी तिकडे दोन नोंदी होऊ शकतात. याचं सोंग आणायला मॉकमध्ये आधी नोंद करून घ्यायची आणि मग उत्तर देण्याऐवजी नेटवर्क एरर फेकायची. त्यानंतर बटण पुन्हा दाबायचं आणि पाहायचं, की दुसऱ्या विनंतीसोबत पहिल्याचाच ओळख-क्रमांक गेला का. गेला तर सर्व्हर म्हणू शकतो, हे काम मी केलंय. नवा गेला तर काकांच्या नावावर दोन व्यवहार. खऱ्या सर्व्हरवर हे मुद्दाम घडवून आणणं जवळजवळ अशक्य. नेमकं त्या क्षणी नेटवर्क तोडायचं कसं? इथे सोंग अस्सलापेक्षा कामाचं ठरतं.

पैसे जमा होण्याच्या स्क्रीनवर आमच्या डिझायनरनं दोनच रंग ठेवले होते, हिरवा आणि लाल. तिसरा असायला हवा हे पटवायला मी रिझर्व्ह बँकेचा आधार घेतला. २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात म्हटलंय, की यूपीआयवरून एकाच्या खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्याच्या खात्यात पडले नाहीत, तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे ‘झालं’ आणि ‘नाही झालं’ यांच्या मध्ये अख्खा दिवस असू शकतो हे नियमालाही मान्य आहे. मी मॉकमध्ये तिसरं उत्तर घातलं: प्रलंबित. पहिल्या विचारणेला प्रलंबित, दुसऱ्यालाही प्रलंबित, तिसऱ्याला जमा. मग उलटं: प्रलंबित, प्रलंबित, नामंजूर. स्क्रीन त्या मधल्या वेळात काय बोलते यावर बराच वाद झाला. ‘कृपया प्रतीक्षा करा’ हे वाक्य मला सोसत नाही. शेवटी ठरलं ते असं: ‘पैसे अजून पोचलेले नाहीत. परत बटण दाबू नका.’

गाव निवडायच्या चौकटीची कथा वेगळीच. आमच्या परिसरात हिप्परगा एक नाही. सोलापूरजवळ तलावाचं हिप्परगा, धाराशिव जिल्ह्यात स्वामी रामानंद तीर्थांनी राष्ट्रीय शाळेत शिकवलं ते हिप्परगा, विजयपूरकडे देवर हिप्परगी आणि आमचं मादन. चौकटीत ‘हिप्प’ टाइप केलं की एक विनंती जाते, ‘हिप्परगा मा’ म्हटलं की दुसरी. पहिल्या विनंतीची यादी लांबलचक, म्हणून ती उशिरा येते आणि दुसरीच्या नेमक्या उत्तरावर येऊन बसते. बोट ठेवलं मादनवर, निवडलं गेलं भलतंच. मॉकमध्ये हे दोन ओळींचं काम आहे: पहिल्या उत्तराला तीन सेकंद थांबवायचं, दुसरं लगेच सोडायचं. चूक दर वेळी हटकून दिसते, दुरुस्त झाली की हटकून दिसेनाशी होते.

एवढं सगळं केलं तरी मॉक शिळा होतो. तिकडे सर्व्हरवाल्यांनी रकान्याचं नाव बदललं की माझ्या सोंगाला ते कळायचा मार्ग नाही. ते जुन्याच थाटात जुनं उत्तर देत राहतं, सगळ्या टेस्ट हिरव्या आणि फोनवर पट्टी कोरी. यावर पॅक्टसारखी साधनं आहेत, ऑस्ट्रेलियातून आलेली: माझ्या मॉकमध्ये मी जे गृहीत धरलं त्याचा करार बनतो आणि तो सर्व्हरवाल्यांच्या टेस्टमध्येही चालवला जातो, त्यांनी रकाना बदलला की लाल दिवा त्यांच्याकडे लागतो. साधन चांगलं, पण दोन्ही टीम बोलत्या असाव्या लागतात. त्याखेरीज मोजक्या टेस्ट आम्ही खऱ्या चाचणी-सर्व्हरवर रोज रात्री चालवतो. त्या संथ असतात, मधूनच उगाच पडतात, आणि तरीही मी त्या कोणाला काढू देत नाही.

मॉक ताजा ठेवायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणून खऱ्या सर्व्हरची उत्तरं रेकॉर्ड करून तीच वाजवायची, असं कोणीतरी दर काही महिन्यांनी सुचवतं. माझा विरोध असतो. त्या उत्तरांत खऱ्या माणसांची खाती असतात, फोन नंबर असतात, आणि ती फाइल कोडसोबत सगळ्यांच्या लॅपटॉपवर जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये आला. तो नसता तरी गावातल्या लोकांचे आधार क्रमांक मी टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवले नसते. बरं, आधार क्रमांक मनानं रचावा तर तीही पंचाईत. बारा आकड्यांतला शेवटचा पडताळणीचा असतो, तो आधीच्या अकरांवरून ठरतो. चुकीचा घातला तर आमचीच स्क्रीन तो नाकारते. बरोबर घातला तर तो कोणाचा तरी खरा निघू शकतो. मी सर्व्हरवाल्यांना विचारलं, स्क्रीनवर शेवटचे चारच आकडे दाखवायचे आहेत, मग तुम्ही बाराही पाठवता कशाला? उत्तर यायला दोन मीटिंग लागल्या. तोवर मी मॉकमध्ये आठ फुल्या आणि चार आकडे घालून ठेवले आणि टेस्ट त्यावर बांधल्या. पुढच्या रिलीजपासून सर्व्हरही तेवढेच पाठवू लागला. मला माझ्या फायलीत काहीच बदलावं लागलं नाही.