संपादक भाचीस

चि. भाचीबाई,


तुझ्या आईकडून बातमी कळली. शाळेचं वर्तमानपत्र पुढच्या सत्रापासून छापायचं नाही, सगळं वेबसाइटवर न्यायचं, आणि नेण्याचं काम संपादक म्हणून तुझ्या गळ्यात पडलं आहे. छपाईचं बिल झेपत नाही हे कारण मला लगेच पटलं. आमच्या दैनिकातही कागदाचा भाव वाढला की आधी पानं कमी व्हायची आणि मग त्यामागची तात्त्विक कारणं शोधली जायची.

तू डिझाइनं पाठवून विचारलंस, ‘मामा, यातलं कुठलं?’ कुठलंही घे. वर्डप्रेसचं रूप वर्षभराने बदलता येतं. जे नंतर बदलणं जड जाईल त्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून हे लांबलचक पत्र. पाचवीपर्यंत पुण्यात शिकलीस, तेवढ्या मराठीवर निभेल. अडलंच तर आई आहे.

छापील अंक शिळा होतो, ही त्याची मोठी सोय. नववीतला एखादा मुलगा हसत म्हणाला, ‘आमच्यात गृहपाठ स्वतः करतो कोण?’ आणि तुम्ही ते त्याच्या पूर्ण नावानिशी छापलंत, तर चार दिवस त्याला चिडवतील आणि विसरतील. अंक ग्रंथालयातल्या बांधीव खंडात जाईल. साइटवर टाकलंत तर मात्र तो बाविसाव्या वर्षी नोकरीचा अर्ज करेल, त्याचं नाव कुणीतरी शोधेल, आणि हेच वाक्य वर येईल. त्यात आपली माणसं आणखी अडचणीत. अमेरिकेत जॉन स्मिथ गर्दीत हरवून जातो. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेतला आपला एखादा कुलकर्णी कुठे हरवणार? गुगलला तो पहिल्या फटक्यात सापडतो.

मग तो तुम्हाला लिहील, ‘माझं नाव काढा.’ तोवर तू कॉलेजात गेलेली असशील. उत्तर देणार पुढचा संपादक, ज्याने ती मुलाखत पाहिलेलीही नाही. तो घाबरून बातमी काढून टाकेल, नाहीतर ताठ्यात नकार देईल. तेव्हा काढण्या-ठेवण्याचे नियम साइट सुरू होण्याआधी लिहून ठेवा आणि ते साइटवरच लावा. तपशील चुकला असेल तर दुरुस्त करायचा आणि बातमीच्या खाली तारखेसह तसं सांगायचं. गुपचूप शब्द बदलायचा नाही. छापलेल्या चुकीचा खुलासा दुसऱ्या दिवशी द्यावाच लागायचा, कारण पुरावा घरोघरी पोचलेला असायचा. पडद्यावर तो धाक नाही, म्हणून तो आपणच घालून घ्यायचा. बोलणाऱ्याचं मत पुढे बदललं, एवढ्यासाठी बातमी हलवायची नाही. पण चौदा-पंधरा वर्षांचं पोर स्वतःच्या आजाराबद्दल, आईबापांच्या भांडणाबद्दल किंवा घरातल्या कुणाच्या व्हिसाच्या कागदांबद्दल बोलत असेल, तर नाव घालायचं की नाही हे प्रसिद्ध करण्याआधी दोघा-तिघांनी बसून ठरवायचं. बोलण्याच्या भरात त्याने ‘घाला हो नाव’ म्हटलं, एवढ्यावर मी तरी समाधान मानणार नाही.

‘नंतर डिलीट करू’ हा भरवसा तर नकोच. वेबॅक मशीनसारखी संग्रहालयं पानांच्या प्रती ठेवतात, आणि वर्गातल्या कुणाच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट असतोच.

साइटवरचं पुरतं पुसलं जात नाही, ही गोष्ट दुसऱ्या बाजूने तुमच्या उपयोगाचीही आहे. मिझुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलचं नाव तुझ्या शिक्षिकेने सांगितलंच असेल. 1983 साली तिथल्या ‘स्पेक्ट्रम’ या अंकात विद्यार्थिनींच्या गरोदरपणावर आणि आईवडिलांच्या घटस्फोटावर लेख होते. मुख्याध्यापकांनी ती दोन पानंच गाळली. मुलं कोर्टात गेली, आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी शाळेची बाजू घेतली. छापखान्यात जाण्याआधी पान काढलं की लेख वाचकांपुरता संपला, असा तो काळ. आमच्या शाळेतल्या भित्तिपत्रकाला तर चारच टाचण्या होत्या. शाळेच्या गळक्या नळांवरचा लेख मधल्या सुट्टीआधीच उतरला होता.

आता 2018 मधलं व्हरमाँट बघ. बर्लिंग्टन हायस्कूलच्या ‘द रजिस्टर’च्या मुलांनी, शाळेतल्या समुपदेशन विभागाच्या प्रमुखावर राज्याने परवान्यासंदर्भात आरोप ठेवल्याची बातमी साइटवर टाकली. ती काढायला लावली गेली. काढलेल्या बातमीची मग मोठी बातमी झाली, राज्यात आदल्याच वर्षी झालेला विद्यार्थी-पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा पुढे आला, आणि बातमी परत लागली. बर्लिंग्टनच्या या प्रकरणाच्या आदल्या वर्षी कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग हायस्कूलच्या ‘बूस्टर रीडक्स’ने नव्या मुख्याध्यापिकेच्या पदव्यांची चौकशी केली. जिथून पदव्या घेतल्याचं सांगितलं होतं त्या विद्यापीठाबद्दलच प्रश्न उभे राहिले, आणि रुजू होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. मुलांनी अवघड काही केलं नव्हतं. नाव शोधलं, मान्यता आहे का ते पाहिलं, फोन केले, विचारलं. आमच्या उपसंपादकांपैकी किती जणांनी एवढं केलं असतं, हे मी इथे लिहीत नाही.

तुझं राज्य या बाबतीत भाग्यवान. कॅलिफोर्नियात 1977 पासून सरकारी शाळांतल्या मुलांच्या लेखनाला कायद्याचं संरक्षण आहे. बदनामी, अश्लीलता, चिथावणी अशा मोजक्या गोष्टी सोडल्या, तर न आवडलेला मजकूर शाळेला अडवता येत नाही, मग अंकाचा खर्च शाळा करत असली तरी. मुलांची बाजू घेतली म्हणून शिक्षकावर कारवाई करायची नाही, अशी तरतूदही 2009 पासून आहे. पण एवढी मोकळीक असली की शेवटची नजर फिरवणारं माणूस तुमच्यातच हवं. छापील अंकात पान सोडायची एक वेळ असायची. त्या वेळेपर्यंत चौघांच्या नजरेखालून प्रूफ जायचं. साइटवर एक बटण असतं आणि ते रात्री साडेअकराला पलंगावर पडूनही दाबता येतं. दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय ते दाबायचं नाही, मग बास्केटबॉलच्या सामन्याचा चार ओळींचा निकाल का असेना. निकालात तर आकडे असतात.

आता वाचक. अंक कँटीनच्या टेबलांवर पडलेला असायचा. ज्याला वर्तमानपत्रात काडीचा रस नाही तोही पोळी खाता खाता (बरं, पिझ्झा) तो उलटायचा. साइटवर अशा माणसाला कोण आणणार? इन्स्टाग्राम, असं तू म्हणशील. पण तुमच्याकडे 2024 मध्ये कायदा झाला आहे: 1 जुलै 2026 पर्यंत प्रत्येक शालेय जिल्ह्याने शाळेतल्या स्मार्टफोनवर मर्यादा किंवा बंदी घालणारं धोरण करायचं. म्हणजे ज्या मधल्या सुट्टीत तुमचा वाचक मोकळा, नेमका तेव्हाच त्याचा फोन दप्तरात किंवा कुलपात असू शकतो. हे तुमच्या बैठकीत कुणी बोललं का? माझं ऐकशील तर छपाई साफ बंद करू नका. दर आठवड्याला एकच पान, शाळेच्याच छपाईयंत्रावर, दोन्ही बाजूंनी: वर तीन बातम्या, खाली साइटचा क्यूआर कोड. तो घरी गेल्यावर स्कॅन करणारे थोडे असतील, पण पान तरी हातात पडेल.

शेवटी जो मुद्दा कंटाळवाणा म्हणून सगळे टाळतात तो. डोमेन कुणाच्या नावावर घेताय? एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यावर आणि त्याच्या वडिलांच्या कार्डावर घेतलंत, तर तो बारावी होऊन जाईल, कार्ड बदलेल, नूतनीकरणाची सूचना कुणीच न बघणाऱ्या पत्त्यावर जाईल आणि एके दिवशी त्या जागी भलत्याच मालाची जाहिरात दिसेल. तुमची पिढी चार वर्षांत पूर्ण बदलते आणि शिक्षिकेचीही बदली होऊ शकते. खातं शाळेच्या ईमेलवर काढा, पासवर्ड दोन मोठ्या माणसांकडे ठेवा, आणि दर जूनमध्ये वर्षभराचा सगळा मजकूर पीडीएफ करून ग्रंथालयात द्या. जुने छापील अंकही स्कॅन करायचे म्हणताय, ते चांगलंच. फक्त ते जसेच्या तसे शोधात जाऊ देऊ नका. त्यांत ज्यांची नावं आहेत ती मुलं बोलली होती तेव्हा शाळेपुरतीच बोलली होती.

नियमांचा कच्चा मसुदा इंग्रजीत केलास तरी चालेल, मला पाठव. लाल पेन अजून आहे. आणि डोमेनचं काय ठरलं ते आधी कळव.

तुझा,
मामा