कौंटी, कचेरी आणि एक कुलूप

प्रादेशिक कादंबरीचा विषय एम.ए.च्या वर्गात निघाला की विल्यम फॉकनरचे नाव आम्ही हटकून घेतो. ‘योक्नापटाफा’ हा उच्चार एकदाचा जमला की अर्धे काम झाले, असा आमचा समज. खरी अडचण पुढच्या शब्दाची. ‘कौंटी’ला ‘जिल्हा’ म्हणून आम्ही कित्येक वर्षे वेळ मारून नेली. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “मग तिथला कलेक्टर कादंबरीत कुठेच कसा भेटत नाही?”

भेटत नाही, कारण तो तिथे नसतोच. योक्नापटाफाचे मूळ असलेली मिसिसिपी राज्यातील लाफेएट कौंटी सुमारे १,७६० चौरस किलोमीटरची, म्हणजे आपल्याकडील मोठ्या तालुक्याएवढी. चिकसॉ लोकांच्या भूमीतून १८३६ साली ती आखली गेली. उत्तरेला टालाहाची नदी, दक्षिणेला योकोना, मध्ये ऑक्सफर्ड हे मुख्य गाव आणि गावच्या चौकाच्या मधोमध कोर्टहाऊस. कौंटीचे विभाग पाच. प्रत्येकातून चार वर्षांसाठी एक सुपरवायझर निवडला जातो. रस्ते, पूल, अंदाजपत्रक ह्या पाचांच्या हाती. शेरीफ निवडून येतो, जमिनीची दप्तरे सांभाळणारा चान्सरी क्लार्कही निवडून येतो. राजधानीहून नेमून आलेला साहेब कोणी नाही. ह्या विभागांना ‘बीट’ म्हणत. ‘इंट्रूडर इन द डस्ट’ (१९४८) मधील ‘बीट फोर’ आम्ही इतकी वर्षे पोलिसांच्या गस्तीची हद्द समजत होतो, हे येथे कबूल केलेले बरे.

कोर्टहाऊसलाही आम्ही ‘न्यायालय’च म्हणत असू. पण तेथे खटले चालतात तशीच खरेदीखतेही नोंदवली जातात. आपला जुना ‘कचेरी’ हा शब्द अधिक जवळचा. शिवाय ‘न्यायालय’ म्हटले की न्याय आधीच गृहीत धरला जातो. ‘रेक्विएम फॉर अ नन’ (१९५१) मध्ये ह्या कचेरीची जन्मकथा आहे. टपालाच्या थैलीचे, पंधरा पौंड वजनाचे कुलूप तुरुंगाला लावलेले असते. ते कैद्यांसह नाहीसे होते. त्याची भरपाई कोणाच्या खाती दाखवायची ह्या खटाटोपातून गाव वसते, टपालवाल्याच्या नावावरून त्याला जेफर्सन हे नाव मिळते आणि कोर्टहाऊस उभे राहते. सरकारी हिशेबातून पुराण कसे जन्मते, हे शिकवायला इतका चांगला उतारा आम्हांला दुसरा सापडलेला नाही.

प्रत्यक्षातले कोर्टहाऊस १८६४ साली उत्तरेच्या सैन्याने जाळले. आजची इमारत १८७२ची. तिच्यासमोर १९०७ साली दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा उभारला गेला. १९३५च्या सप्टेंबरात ह्याच गावात एलवुड हिगिनबॉटम ह्या कृष्णवर्णीयावर खुनाचा खटला चालला. ज्यूरीचा विचारविनिमय चालू असतानाच जमावाने त्याला तुरुंगातून ओढून नेले आणि फाशी दिली. फॉकनरचे घर ह्याच गावात होते. पुढच्याच वर्षी ‘ॲब्सलम, ॲब्सलम!’ला जोडलेल्या नकाशावर त्याने आपण ह्या कौंटीचे एकमेव मालक असल्याचे नोंदवले. त्या नकाशात कोर्टहाऊसपाशी टेम्पल ड्रेकच्या साक्षीचा उल्लेख आहे. ही ‘सँक्च्युअरी’ (१९३१) मधील खोटी साक्ष. तिच्यामुळे दोषी ठरलेल्या गुडविनला जमाव जाळतो. कादंबरीतला जमाव निदान निकालापर्यंत थांबला, आणि त्याचा बळी गोरा आहे. १९३१ सालीच मेम्फिसच्या वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात फॉकनरने अशा जमावांची एका परीने पाठराखण केली होती, हेही आम्ही वर्गात सांगू लागलो आहोत. त्यामुळे त्याची थोरवी कमी होते का, ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही.

२०२० साली पाचही सुपरवायझरांनी पुतळा हलवू नये, असे मत दिले. २०२२ साली त्याच कोर्टहाऊसच्या हिरवळीवर, ह्या कौंटीत जमावाने मारलेल्या सात जणांच्या नावांचा फलक लागला. त्यात हिगिनबॉटमचे नाव आहे. आम्ही आता फळ्यावर फॉकनरचा नकाशा काढतो, तेव्हा चौकात पुतळ्याची खूण करतो आणि ह्या फलकाचीही. ती नकाशात नाही, हे मुलांना सांगून.